अंबूबाईची हाक

हाक नेमकी कुणाची असते: ती मारणाऱ्याची, की ऐकणाऱ्याची? या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही. निदान या मजकुरापाशी तरी ते नाही. तासगावच्या पूर्वेला, ओढ्याकाठच्या एका वस्तीवर राहणाऱ्या अंबूबाईच्या आयुष्यातली एक सकाळ मात्र या प्रश्नाच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली होती, की तिची हकीकत सांगावीशी वाटते.

अंबूबाईला तंद्री लागत असे. लहानपणापासूनची ही खोड. बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसली की तिच्या बोटांना काळे-पिवळे मणी आपोआप कळत आणि ती स्वतः मात्र कुठेतरी निघून गेलेली असे. शेजारच्या बाया म्हणत, अंबूबाईला हाक मारायची तर आधी एक माणूस धाडावे लागते तिला शोधायला. डोळे उघडे, पण पाहणे नाही. कान तेवढे जागे. वारा कुठल्या बाजूने द्राक्षाच्या जाळीत शिरला, ओढ्यापलीकडची मोटर कधी बंद पडली, हे तिला तंद्रीतही ऐकू येई. पुढे जे घडले त्यात तिचे हे कानच उपयोगी पडले.

तिचे माहेर रहिमतपूरचे. नवरा, लालासाहेब, पलटणीत होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षे त्याची ओळख मुख्यतः सुटीतली. मुलगी साक्षी शिकली आणि कराडला नोकरीला लागून तिथेच राहिली. लालासाहेब हवालदार होऊन निवृत्त झाला, पण त्याला घरी बसवेना. कराडकडच्या एका कारखान्यावर त्याने राखणीचे काम धरले आणि आठवड्याच्या सुटीला तेवढा तो वस्तीवर येऊ लागला. म्हणजे अंबूबाईचे एकटेपण सुरू होते तसेच सुरू राहिले. त्या एकटेपणात तिला सोबत होती ती कोंबड्यांची.

या कोंबड्यांचे मूळही रहिमतपूरचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना आईने एक खुडूक कोंबडी डालग्यात घालून बरोबर दिली होती. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला आतुर झालेली. ती कोंबडी, खाली अंडी, वर डालगे आणि डालग्यावर जुने लुगडे, असा तो संसार एसटीतून तासगावला आला. कंडक्टरने विचारले होते, बाईसाहेबांना खिडकीची जागा हवी का. त्या अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या पिलांच्या पिलांनी आता अंगण भरले होते. आणि कोंबडीबरोबर आईची हाकही आली होती. आपल्या भागात कोंबड्यांना दाणे टाकताना बाया ‘ती ती ती’ करतात. अंबूबाईची आई नाकात बोलणारी. तिच्या तोंडी त्या ‘ती’ला शेवटी एक गुणगुणणारी अनुनासिक शेपटी फुटे: ‘तिन् तिन् तिन्’. आई गेली त्या वर्षी एका सकाळी दाणे फेकताना अंबूबाईला एकाएकी आईचा आवाज ऐकू आला, आणि तो आपल्याच गळ्यातून येतो आहे हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तेव्हापासून ती रोज सकाळी तो आवाज काढताना थोडी थांबे. वेलीवरच्या जाळीवर धुके पांढऱ्या चादरीसारखे पडलेले असे. त्या धुक्यातून कोंबड्या एकेक करून उमटत, जणू कुणीतरी त्या तिथल्या तिथे घडवून अंगणात सोडत होते.

मग मल्ली आली.

जतकडचा बिराप्पा धनगर दर माघात मेंढरे घेऊन या बाजूला उतरे. शेतात मेंढरे बसवली की लेंड्यांचे खत होते, म्हणून शेतकरी त्याला बोलावून घेत. २०१८ साली अंबूबाईच्या शेतात त्याचा तळ पडला, तेव्हा त्याच्या कुत्रीला पिल्ले झालेली होती. कोंबड्यांवर मुंगूस येते अशी तक्रार अंबूबाईने सहज केली आणि निघताना बिराप्पाने एक काळे पिल्लू तिच्या ओट्यावर ठेवले. ते चांगले चारपाच महिन्यांचे होते, आणि त्याचे नावही ठरलेले होते.

कुत्रे आणि कोंबड्या एका अंगणात नांदवायच्या तर त्याची एक रीत असते, आणि अंबूबाईने ती शांतपणे पाळली. आधी मल्लीला खुंट्याला बांधून, कोंबड्या तिच्या दाव्याच्या टप्प्याबाहेर फिरू दिल्या. पळणारी कोंबडी कुत्र्याला खेळणे वाटते, म्हणून कोंबड्यांना दचकवायचे नाही, हे तिने वस्तीवरच्या पोरासोरांना बजावून ठेवले. मग एका खुडूक कोंबडीच्या डालग्यापाशी मल्लीला नेले. मल्लीने हुंगायला नाक पुढे केले आणि आतून फटीतून एक टोच बसली. मल्ली केकाटून मागे सरली. त्या दिवसापासून तिच्या लेखी कोंबडी ही मान देण्याची वस्तू झाली. महिन्याभरात असे झाले, की दुपारी मल्ली सावलीत पसरायची आणि पिले तिच्या पोटावर चढून बसायची. मुंगसाचे नाव निघाले नाही.

एकच गोष्ट चमत्कारिक होती. पहिल्या संध्याकाळी अंबूबाईने मल्लीपुढे भाकरी टाकली, तर ती भाकरीपुढे बसून राहिली. भाकरीकडे पाहायची, अंबूबाईकडे पाहायची, लाळ गाळायची, पण तोंड लावीना. माया तुटली असेल, असे म्हणून अंबूबाईने नाद सोडला. दुसऱ्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकण्याआधी तिने पुन्हा भाकरी ठेवून पाहिली. कोंबड्यांना हाक मारली, दाणे फेकले, आणि बघते तर मल्ली मान खाली घालून भाकरी गिळत होती. तेव्हा अंबूबाई हसली होती. ही पंगतीची कुत्री आहे, चारचौघी पानावर बसल्याशिवाय जेवत नाही, असे तिने साक्षीला फोनवर सांगितले. त्यानंतर मल्लीची भाकरी सकाळी, कोंबड्यांच्या पंगतीला, असा परिपाठ पडला. जवळजवळ वर्षभर तो मोडला नाही.

मोडला तो लालासाहेबाने, आणि तोही भल्यासाठी. पुढच्या वर्षी द्राक्षे उतरायला आली, तेव्हा वस्तीवर रात्रीची वर्दळ वाढली. सकाळी जेवलेले कुत्रे दिवसभर झोपते आणि रात्री राखणीला कामाचे राहत नाही, असे त्याचे मत होते. पलटणीत कुत्र्यांना वेळेवर एकदाच देतात, तसे इथेही संध्याकाळी द्यावे, असे त्याने ठरवून टाकले. अंबूबाईला वाटले, मल्लीला पंगत लागते. पण हे नवऱ्याला कसे सांगावे, हे तिला सुचले नाही.

संध्याकाळी भाकरी पडू लागली. मल्ली तिच्यापुढे बसू लागली. अंधार पडेपर्यंत बसे. सकाळी थाळी रिकामी असे. ती मल्लीने रिकामी केली, की ओढ्याकडून येणाऱ्या मांजरांनी, हे कुणी पाहिले नाही. मल्लीच्या फासळ्या मात्र दिसू लागल्या.

अशाच एका सकाळी अंबूबाईने मूठभर जोंधळे फेकले, हाक मारली. कोंबड्या धावत आल्या. मल्ली उठली, पुढे झाली आणि पायाशी टिपणाऱ्या एका तांबड्या कोंबडीला तिने मानेशी धरले. ओरडाआरडा झाला नाही. झटापट झाली नाही. कोंबडी पुढच्या दोन पायांत ठेवून मल्ली खाली बसली आणि खाऊ लागली. मधूनच मान वर करून अंबूबाईकडे पाही. त्या नजरेत चोरी नव्हती. अंबूबाईला तेच जास्त लागले.

तिने मल्लीला साखळीने बांधले. दिवस वर आला, मल्ली कण्हू लागली, तेव्हा तिच्याने राहवले नाही. दुपारी तिने साखळी सोडली आणि हातात काठी घेऊन चौकटीत बसून राहिली. कोंबड्या मल्लीच्या अंगावरून गेल्या. एकीने तिच्या शेपटीवरची माशी टिपली. मल्लीने डोळा उघडला नाही. संध्याकाळपर्यंत असेच. सकाळचे सगळे आपल्या तंद्रीत दिसलेले काहीतरी असावे, असेही अंबूबाईला वाटून गेले. पिसे मात्र अंगणात होती.

दुसऱ्या दिवशी ती बेधडक दाणे घेऊन बाहेर आली. हाक मारली. मल्लीने पांढरी उचलली.

शेडवरच्या बायांनी निकाल दिला, की तोंडाला रक्त लागले. आता ती भाकरीला कशाला तोंड लावील? लालासाहेब सुटीवर आला तेव्हा त्याने जुना उपाय केला. मेलेली कोंबडी सुतळीने मल्लीच्या गळ्यात बांधली. ती दिवसभर तशीच वागवली, की कुत्र्याला पुन्हा कोंबडीची शिसारी येते, असे इकडे मानतात. मल्ली ते ओझे घेऊन अंगणात फिरली. ओढ्यावर जाणारी माणसे थांबून हसली. मल्ली बसली की कोंबडी जमिनीवर पसरे, आणि मल्ली जरा बाजूला सरकून तिला जागा करून देई. अंबूबाईने तोंड फिरवून घेतले. संध्याकाळी तिने स्वतःच सुतळी कापली.

“म्होरल्या सुटीला तिला कृष्णेपल्याड सोडून येतो,” लालासाहेब म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “तू एकटी असतीस. आज कोंबडी हाय, उद्या कुनाचं करडू धरलं तर काय सांगायचं लोकास्नी?”

“आवं, पर दिवसभर ती राखती की त्यास्नी. म्या नसती तवा एक पीस हालत न्हाई. माझ्या डोळ्यांम्होरंच मारती.”

“मग?”

“मग काय. माझ्यावरच राग हाय तिचा.”

हे बोलल्यावर तिला कळले, की मनातली भीती हीच होती. कोंबड्या पुन्हा होतील. पण या एवढ्या मोठ्या वस्तीवर आपली पावले ओळखणारा एकच जीव, आणि तो आपल्यावर असा रुसावा, की आपण समोर आलो की त्याने आपल्या देखत आपलीच वस्तू मोडावी? तिने काय केले होते असे? पुढचे दिवस तिने मल्लीला सकाळी बांधून ठेवले आणि हाच प्रश्न बेदाण्यांबरोबर चिवडला. साखळीतली मल्ली सकाळची हाक ऐकली की उभी राही, साखळी ताणे आणि कळवळून भुंके. अंबूबाई तिच्याकडे पाहत नसे.

लालासाहेबाच्या सुटीआधी बिराप्पाची मेंढरे आली. त्यांची चाहूल अंबूबाईला आधी कानांनीच लागली. दूरवर कुणी भिजलेल्या घोंगड्या झटकाव्यात तसा तो आवाज, मग धूळ, मग धुळीतून बाहेर येणारी पांढरी-काळी पाठ. तिने मनाशी ठरवले होते. कृष्णेच्या पुलापलीकडे सोडण्यापेक्षा मल्ली तिच्या मूळ घरी गेलेली बरी. चहा झाल्यावर तिने बिराप्पाला सगळे सांगितले आणि कुत्री परत ने म्हणाली. बिराप्पाला ते पटेना. त्याच्या कुत्रीचे पिल्लू असे करणार नाही, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणाला. पण कळपाला कुत्रे हवेच होते, म्हणून तयार झाला.

साखळी सोडल्यावर मल्ली त्याला हुंगत राहिली. ऊन उतरले होते. शेडकडून सुकत्या द्राक्षांचा गोड, जरासा आंबूस वास येत होता. बिराप्पाने आपल्या फडक्यातली भाकरी काढली, चतकोर मोडून मल्लीपुढे ठेवली आणि पुन्हा बोलू लागला. यंदा पाणी कुठे आहे, कुठल्या गावात चारा महाग झाला आहे. मल्ली भाकरीपुढे बसून होती. अंबूबाई ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मेंढरांच्या रवंथीत तिची तंद्री लागत चालली होती. रहिमतपूरचे अंगण, चुलीचा धूर, धुरापलीकडे उभी पाठमोरी आई. आणि आईने नाकातून हाक मारली.

“तिन्.”

अंबूबाईने डोळे उघडले. मल्ली मान खाली घालून भाकरी खात होती.

“काय म्हनलास?”

“कवा?”

“आत्ता. तिला काय म्हनलास?”

बिराप्पा गोंधळला. “तिन् म्हटलो की, आक्का. खा म्हनून. आमच्या कानडीत खायाला तसं म्हंत्यात. मेंढरातला कुत्रा हाय, त्याला लहानपनापासनं लावतो आमी. तिन् म्हटल्याबिगर तोंड लावायचं न्हाई. न्हाईतर कोकरू जलमलं की त्याच्यामागनं पडलेली वारबी खाईल आन् कोकरूबी.”

अंबूबाईने त्याला पुन्हा म्हणायला लावले. मग आणखी एकदा. मग ती पायरीवर बसली. सगळे एकेक करून परत येऊ लागले, धुक्यातून कोंबड्या येत तसे. भाकरीपुढे बसून राहिलेले पिल्लू. पंगत. वर्षभराच्या सकाळी. संध्याकाळची न खाल्लेली भाकरी. रिकाम्या पोटी उभी असलेली कुत्री, समोर भाकरी नाही, पायाशी कोंबड्या, आणि मालकीण तोंडाने सांगते आहे: खा, खा, खा.

“म्या रोज सकाळी हेच म्हन्ते की रं,” ती म्हणाली. “कोंबड्यास्नी.”

बिराप्पाने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग हसू.

“मग काय, आक्का,” तो म्हणाला. “तू वाढलीस, ती जेवली.”

लालासाहेब आला तेव्हा त्याचा यावर विश्वास बसला नाही. अंबूबाईने कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, मल्लीपुढे भाकरी ठेवली आणि नवऱ्याला खाटेवर बसवले. त्याचा चहा संपला तरी मल्ली हलली नाही. मग अंबूबाईने आईच्या आवाजात हाक मारली. खुराड्यात कोंबड्यांची फडफड झाली आणि मल्लीने भाकरी उचलली. लालासाहेब खाटेवरून उठला. हुकूम पाळला म्हणून शिक्षा झालेली त्याने पलटणीत एकदोनदा पाहिली होती, असे तो शेवटी म्हणाला. मल्लीच्या गळ्याशी, सुतळी बांधली होती तिथे, त्याने हात फिरवला. पुलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण एका अंगणात तो शब्द मल्लीचाही आणि कोंबड्यांचाही असून चालणार नव्हते. दुधाच्या वयात शिकवलेला शब्द कुत्र्याच्या कानातून निघत नाही, असे बिराप्पाचे म्हणणे पडले. म्हणून हलायचे होते ते अंबूबाईला. कोंबड्यांना दुसरी कुठली हाक लावावी, याचा खल सुरू झाला. ‘बा बा’ करावे, असे तिने सुचवले, तर बिराप्पा हसून गडाबडा लोळायचा तेवढा राहिला. त्याच्या भाषेत ‘बा’ म्हणजे ये. मग कोंबड्यांआधी मल्लीच हजर होईल. शेवटी तिने हाकच सोडली. पत्र्याच्या डब्यात जोंधळे घालून तो खुळखुळवायचा असे ठरले. खुळखुळ्याला कुठलीच भाषा नसते.

हे सोपे गेले नाही. पहिल्या सकाळी ती डबा वाजवत राहिली आणि जुन्या कोंबड्या खुराड्याच्या तोंडाशी उभ्या राहून माना तिरप्या करून तिच्याकडे पाहत राहिल्या. तिच्या गळ्यात हाक आली होती. ओठांपर्यंत आली होती. त्या गळ्याखेरीज तो आवाज जगात कुठेच उरलेला नव्हता. तिने ओठ मिटून डबा वाजवला. पिले आधी आली. पिलांमागून आया आल्या. मल्ली ओट्याखाली झोपून होती. तिने एक कान वळवला आणि परत पाडला.

त्या संध्याकाळी अंबूबाईने कोंबड्या डालल्या, खुराड्याच्या दाराला आकडी घातली आणि मल्लीपुढे भाकरी ठेवली. मल्लीने भाकरीकडे पाहिले, मग तिच्याकडे. वेलींवर उन्हाचा शेवटचा तांबूस पट्टा होता, तो जाळीवरून हळूहळू ओढून घेतल्यासारखा निघून गेला. अंबूबाई जरा थांबली. सकाळपासून मिटून धरलेला आवाज तिने सोडला. शेवटी गुणगुणणारा, नाकातला, रहिमतपूरच्या अंगणातला. मल्ली खाऊ लागली. तिचे खाऊन होईपर्यंत अंबूबाई तिथेच उभी होती. रोज एकदा एवढेच. पण आता ते ऐकणारे, पूर्ण कान देऊन ऐकणारे, कुणीतरी होते.

बिराप्पाचा तळ चार शेते पुढे सरकला आणि मग त्या वर्षापुरता निघून गेला. जाताना त्याने दुसऱ्या वस्तीवरून एक तपकिरी पिल्लू कळपासाठी घेतले.

२०२१ सालच्या दिवाळीनंतर मल्लीला चार पिल्ले झाली. त्यांतली दोन बिराप्पाने नेली, एक कराडला साक्षीकडे गेले आणि एक वस्तीवर राहिले.